दुसऱ्या कंपनीची शाई भरल्यापासून पडदा गुलाबी, केस हिरवे : एपसन एल ८०५

फोटोवाला_विटेकर

नमस्कार मंडळी. विट्यात आमचा छोटा स्टुडिओ आहे. पासपोर्ट, शाळेचे आयडी, लग्नाचे फोर आर (चार बाय सहा इंची प्रिंट) आणि अधूनमधून आठ बाय बाराची फ्रेम, एवढंच काम. प्रिंटर एपसनचा एल ८०५. कंपनीची ६७३ शाई होती तोवर रंगाची तक्रार नव्हती. आता दुसऱ्या कंपनीची भरलीय. नाव मुद्दाम घेत नाही, कारण त्याच शाईवर खूश असलेलेही दोघं ओळखीचे आहेत.

लक्षण असं की पासपोर्टच्या मागचा पांढरा पडदा गुलाबी मारतो, आणि त्याच फोटोत केस आणि काळा कोट हिरवट. चेहरा बरा. ड्रायव्हरमध्ये (प्रिंटरच्या सेटिंगच्या खिडकीत) मॅजेंटा, म्हणजे गुलाबी-जांभळा, कमी केला तर पडदा सुधारतो, पण केस शेवाळ्यासारखे होतात आणि चेहरा कावीळ झाल्यागत. मॅजेंटा वाढवला की केस ठीक आणि पडदा डाळिंबी. नोझल चेक (शाईची सगळी छिद्रं चालू आहेत का ते दाखवणारी छापील जाळी) स्वच्छ येतोय, हेड क्लीनिंगही झालं. शाईवाला म्हणतो पेपर बदला, पेपरवाला म्हणतो शाई बदला. पेपर २७० जीएसएमचा ग्लॉसी.

"परत ओरिजिनल भरा" हा सल्ला मला ठाऊक आहे. तो सोडून सांगा.

बाबू_बिनधास्त

परत ओरिजिनल भरा.

सावली

बाबू, गप रे.

दादा, तीन गोष्टी सांगा. फोटोशॉपमधून प्रिंट देता की पासपोर्टच्या सॉफ्टवेअरमधून? ड्रायव्हरमध्ये पेपरचा प्रकार कोणता निवडलाय? आणि प्रिंट कुठल्या उजेडात बघता? दुकानात स्वस्तातली एलईडी पट्टी असेल तर तिच्याखाली काहीही हिरवट दिसू शकतं. आधी एक प्रिंट खिडकीशी नेऊन बघा.

शिवाय फोटोशॉपमध्ये प्रोफाइल (ठराविक प्रिंटर, शाई आणि कागदासाठी रंग जुळवणारी फाइल) निवडलेला असताना ड्रायव्हरचं कलर करेक्शनही चालू असेल तर रंगावर दोनदा संस्कार होतात. त्यात बहुतेक वेळा सगळाच फोटो लाल-जांभळ्याकडे जातो. तुमचं तसं वाटत नाही, तरी खात्री करा.

फोटोवाला_विटेकर

ताई, पासपोर्ट त्याच्या सॉफ्टवेअरमधून, बाकी फोटोशॉपमधून. तिथे "प्रिंटर मॅनेजेस कलर्स" ठेवलंय, म्हणजे दोनदा नाही. पेपर प्रीमियम ग्लॉसी. खिडकीत बघितलं, हिरवट थोडं कमी वाटतं पण आहेच. गुलाबी तर जास्तच उठून दिसतंय.

जुना_डार्करूमवाला

विटेकर, तुम्ही सांगताय त्याला आमच्या काळात क्रॉसओव्हर म्हणायचे. उजळ भागात एक झाक आणि सावलीत तिच्या विरुद्ध झाक. रंगीत कागद जुना झाला किंवा केमिकल थकलं की हे व्हायचं, आणि एन्लार्जरमध्ये (निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणाऱ्या यंत्रात) कुठलाही फिल्टर घाला, ते जायचं नाही. फिल्टर सगळ्या छटांना सारखाच ढकलतो. एक टोक सुधारलं की दुसरं बिघडणार. तुमच्या ड्रायव्हरचा मॅजेंटा स्लायडर म्हणजे तोच फिल्टर.

जाता जाता सांगतो, डार्करूममधून इंकजेटवर आलेल्या माणसाचा हात आधी उलटा पडतो. निगेटिव्हवरून प्रिंट काढताना झाक ज्या रंगाची, त्याच रंगाचा फिल्टर वाढवायचा असे. इथे शाई थेट कागदावर पडते, म्हणून हिरवट असेल तर मॅजेंटा वाढवायचा, लालसर असेल तर सायन, म्हणजे हिरवट निळा.

झाक ओळखायला कोडॅकचा व्ह्यूइंग फिल्टरचा संच मिळायचा. प्रिंटवर एकेक फिल्टर धरून बघायचं, ज्यातून राखाडी राखाडी दिसेल तो उतारा. माझ्याकडे अजून आहे. मात्र तोही उजळ भागासाठी वेगळा आणि सावलीसाठी वेगळा निघाला, तर समजायचं की फिल्टरचं काम संपलं.

रंगारी

काकांनी नेमकं सांगितलं. मी पुण्यात प्रोफाइलिंगचं काम करतो, तर प्रिंटरच्या बाजूने लिहितो.

एल ८०५ मध्ये सहा शाया : काळी, सायन, मॅजेंटा, पिवळी, लाइट सायन, लाइट मॅजेंटा. राखाडी शाई नाही. म्हणजे पडद्यासारखा जवळजवळ पांढरा भाग लाइट सायन, लाइट मॅजेंटा आणि पिवळीच्या विरळ ठिपक्यांतूनच तयार होतो. फिकट शाया कशासाठी आहेत, तर चेहऱ्यावर आणि आकाशात ठिपके दिसू नयेत म्हणून. मध्यम छटांपासून पूर्ण ताकदीच्या सायन-मॅजेंटा येतात आणि सावलीत काळी मिसळते. कुठे किती ठिपके टाकायचे हे ड्रायव्हरचं गणित कंपनीच्या शाईवर बसवलेलं आहे. तुमच्या बाटलीतली लाइट सायन थोडी जरी पातळ असली तरी उजळ भागातला तोल लालकडे झुकतो. पडदा पांढराशुभ्र म्हणजे २५५ (फोटोशॉपच्या मापात ० काळा, २५५ पांढरा) असता तर तिथे शाईच पडली नसती आणि तुम्हाला काही दिसलं नसतं. तो २३५-२४५ च्या आसपास असतो, म्हणून सगळ्यात आधी तोच बोंब मारतो.

सावलीतलं हिरवट वेगळं प्रकरण आहे. डाय प्रकारची, म्हणजे विरघळलेल्या रंगाची, काळी शाई बहुतेक वेळा दोन-तीन रंगद्रव्यांचं मिश्रण असते आणि प्रत्येक कंपनीची काळी वेगळ्या बाजूला कलते. म्हणजे तुमच्याकडे एक दोष नाही, दोन आहेत, आणि ते एकमेकांच्या विरुद्ध आहेत.

आता कुठलाही स्लायडर न हलवता एक पट्टी छापा. फोटोशॉपमध्ये ० ते २५५ च्या २१ पायऱ्या, प्रत्येक पायरीत लाल-हिरवा-निळा हे तिन्ही आकडे सारखे. तोच कागद, तीच सेटिंग. रात्रभर वाळू द्या, कारण डाय शाईचा रंग वाळताना सरकतो. सकाळी सावलीतल्या खिडकीपाशी बघा आणि कुठल्या पायरीपासून कुठली झाक सुरू होते ते पट्टीच्या मागे पेन्सिलीने लिहा.

पट्टी पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच रंगाकडे झुकलेली असेल तर स्लायडर पुरतो. नुसता उजळ भाग बिघडलेला असेल तर संशय फिकट शायांवर. नुसती सावली बिघडली असेल तर काळीवर, किंवा पेपरचा प्रकार चुकीचा निवडल्यामुळे जास्त शाई पडतेय. कागदाच्या वरच्या भागात ठीक आणि खाली येता येता रंग बदलत असेल, तर तो रंगाचा प्रश्नच नाही, शाई हेडपर्यंत पोचत नाहीये. त्याला प्रोफाइल म्हणजे तुटलेल्या पाइपला रंग लावणं.

आरसा_बिलोरी

नोझल चेक स्वच्छ असूनही शाई कमी पडू शकते? मग नोझल चेकचा उपयोग काय?

रंगारी

नोझल चेकमध्ये अगदी थोडी शाई लागते, तेवढी डॅम्परमध्ये, म्हणजे हेडजवळच्या छोट्या शाईच्या डबीत, असतेच. पूर्ण ए फोर पान एका रंगाने भरलं की खरं कळतं. सहा पानं छापा. सायन, मॅजेंटा, पिवळी आणि काळी यांची एकेक आणि फिकट निळं, फिकट गुलाबी अशी दोन. ड्रायव्हर शुद्ध एकच शाई टाकेल असं नाही, पण कुठली कमी पडतेय हे समजायला पुरे. पान खाली येता येता फिकं झालं तर नळीत हवा आहे, डॅम्पर तुंबलाय किंवा टाकीत हवा जायची वाट बंद आहे. एल ८०५ ला टाकीशेजारी वाहतुकीसाठीची चावी आहे. ती छपाईच्या खुणेवर पूर्ण फिरलेली आहे ना तेही बघा.

पिवळ्याचा नोझल चेक डोळ्यांना फसवतो. पांढऱ्या कागदावर पिवळ्या रेघा दिसतच नाहीत. निळा जिलेटिन कागद धरून बघितलं की त्या काळ्या दिसतात आणि तुटलेली रेघ लगेच सापडते.

बाबू_बिनधास्त

एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा ओरिजिनल शाईची बाटली स्वस्त पडेल. टाकीचा प्रिंटर आहे, कार्ट्रिजचा नाही. मी चेष्टा करत नाहीये, हिशोब करून बघा. खराब झालेले पेपर, वेळ, गिऱ्हाईकाची कटकट.

फोटोवाला_विटेकर

बाबूभाऊ, हिशोब केलाय. महिन्याला दोन-चार फोटो काढणाऱ्याला तुमचं पटेल. आमच्याकडे शाळा सुरू झाल्या की आयडीचे गठ्ठे येतात आणि लग्नसराईत तर मशीन थंड होत नाही. तिथे फरक पडतो.

परदेशी_पाखरू

मी न्यू जर्सीत. इथे एपसनचा ईटी ८५५० वापरते, तोच आपल्याकडे एल ८१८० म्हणून ओळखतात. त्यात फिकट शायांऐवजी राखाडी शाई आहे, त्यामुळे करड्या छटा बऱ्याच स्थिर राहतात. मीही बाहेरची शाई वापरते. विकणाऱ्याने प्रोफाइल फुकट दिला होता, पण तो त्याच्या कागदासाठी. माझ्या कागदावर निळसर यायचं. कागद जास्त पांढरा दिसावा म्हणून त्यात घातलेल्या ब्राइटनरचा भाग त्यात असावा.

एक भीती मात्र सांगते. आज रंग जुळला म्हणजे वर्षाने जुळलेला राहील असं नाही. २००० साली एपसनच्याच स्टायलस फोटो ८७० आणि १२७० वर काढलेले फोटो काही घरांत थोड्याच दिवसांत नारिंगी झाले होते, आणि ती कंपनीचीच शाई होती. हवेतल्या ओझोनने सायन खाल्ली होती. नंतर शाया सुधारल्या, पण स्वस्त बाटलीत ती सुधारणा आहे की नाही ते बाटलीवर लिहिलेलं नसतं.

रंगारी

पाखरू, बरोबर. म्हणून लग्नाच्या फोटोंना लॅमिनेशन करा किंवा काचेमागे घाला. मायक्रोपोरस ग्लॉसी कागद चटकन वाळतो तो त्याच्या बारीक छिद्रांमुळे, आणि त्याच छिद्रांतून हवा शाईपर्यंत पोचते. एक प्रिंट उघड्यावर ठेवा, एक अल्बमच्या पाकिटात घालून कपाटात. काही महिन्यांनी शेजारी धरा. त्यातून जे कळेल ते विकणारा सांगणार नाही.

फोटोवाला_विटेकर

पट्टी छापली. रंगारी साहेबांनी लिहिलं तसंच निघालं. वरच्या सात-आठ पायऱ्या गुलाबी, मधल्या चार-पाच बऱ्या, खाली हिरवट, आणि अगदी शेवटची काळी परत काळीच. पूर्ण पानांची चाचणीही केली. फिकट निळं पान वरपासून खालपर्यंत एकसारखं आलं. म्हणजे पुरवठा ठीक आणि शाईच पातळ, असं समजू ना? प्रोफाइल होईपर्यंत धंदा कसा चालवू ते सांगा. उद्या एका शाळेचं काम आहे.

सावली

हो, तसंच समजा. उद्यासाठी कर्व्ह वापरा. फोटोशॉपमध्ये कर्व्हज ॲडजस्टमेंट लेअर घ्या आणि आरजीबी सोडून एकेक चॅनेल उघडा. लाल चॅनेलमध्ये मध्यावर एक टाचणी ठोका म्हणजे चेहरा हलणार नाही, मग २४० च्या आसपास रेघ दोन-तीन अंक खाली ओढा. लाल कमी म्हणजे सायन वाढली, गुलाबी उतरेल. मग हिरव्या चॅनेलमध्ये मध्यावर टाचणी आणि ५० च्या आसपास किंचित खाली. केसांतलं हिरवं जाईल. स्लायडरला जे जमत नाही ते हेच, की एक टोक हलवताना दुसरं जागेवर ठेवणं.

पट्टीवर हाच कर्व्ह लावून परत छापा. दोन-तीन फेऱ्यांत बऱ्यापैकी करडी येते. मग कर्व्ह सेव्ह करा आणि ॲक्शनमध्ये घाला, म्हणजे शाळेच्या सगळ्या फोटोंना एका दमात लागेल. मूळ फायलींवर सेव्ह करू नका, प्रिंटसाठी वेगळा फोल्डर ठेवा.

करडी पट्टी खरंच करडी आहे का हे नुसत्या डोळ्याने ठरवू नका. डोळा पाच मिनिटांत कुठल्याही झाकेला सरावतो. शेजारी ग्रे कार्ड (प्रमाणित करडा पुठ्ठा) ठेवा. नसेल तर झेरॉक्सच्या दुकानातल्या लेझर प्रिंटरवर तीच पट्टी काढून आणा आणि दोन हात लांबून तुलना करा.

रंगारी

लेझरच्या पट्टीला माझा थोडा विरोध. टोनर साधारण करडा असतो, पण साध्या कागदाचा पांढरा आणि ग्लॉसीचा पांढरा यांत फरक असतो, आणि उजळ पायऱ्यांवर कागदच जास्त दिसतो. सावलीसाठी चालेल. उजळ भागासाठी त्याच ग्लॉसीचा कोरा तुकडा शेजारी धरा आणि पट्टी त्याच्यापासून कुठल्या बाजूला जाते ते बघा.

कर्व्हने राखाडी सुधारेल, रंग नाही. हिरवा शालू, कुंकू, आभाळ हे त्यांच्या जागी येतीलच असं नाही. त्यासाठी प्रोफाइल.

प्रोफाइलच्या आधी नळ्यांतली आणि डॅम्परमधली जुनी शाई पूर्ण संपलेली हवी. नवी भरली म्हणजे लगेच नवीच छापतेय असं नसतं, बराच काळ मिश्रण येत राहतं आणि त्या मिश्रणाचा प्रोफाइल पुढे निरुपयोगी. तुमच्याकडे काम भरपूर असल्याने ते एव्हाना संपलं असेल. मग पेपर, पेपरचा प्रकार आणि क्वालिटी ठरवा आणि कागदावर लिहून ठेवा. यातलं एकही नंतर बदललं तर प्रोफाइल खोटा ठरतो. ड्रायव्हरमध्ये मोअर ऑप्शन्स, कलर करेक्शन कस्टम, ॲडव्हान्स्ड, आणि तिथे "नो कलर ॲडजस्टमेंट".

आता टार्गेट, म्हणजे शेकडो रंगीत चौकोनांचं पान. ते रंगसंस्कार न करता छापायचं. २०१० च्या फोटोशॉप सीएस ५ पासून "नो कलर मॅनेजमेंट" हा पर्याय प्रिंटच्या खिडकीतून गेला, म्हणून अडोबीचं कलर प्रिंटर युटिलिटी हे छोटं फुकट सॉफ्टवेअर वापरा. फोटोशॉपमधून भलत्याच मार्गाने छापलेलं टार्गेट ओळखता येत नाही, आणि त्यावरून बनवलेला प्रोफाइल मग आयुष्यभर छळतो. माझ्याकडे येणाऱ्या कुरियरमध्ये ही भानगड सर्वांत जास्त.

छापलेलं पान एक दिवस मोकळं वाळू द्या, प्लास्टिकमध्ये घालू नका. मग स्पेक्ट्रोफोटोमीटरने (रंग मोजणाऱ्या यंत्राने) मोजायचं. कलरमंकी फोटो किंवा आय वन स्टुडिओ घरच्या वापराला पुरतात आणि अर्गिल सीएमएस हे मोजणी आणि प्रोफाइलचं सॉफ्टवेअर फुकट आहे. पण एका प्रिंटरसाठी यंत्र विकत घेऊ नका. पान पुठ्ठ्यात घालून कुठल्याही प्रोफाइलवाल्याला कुरियर करा, फाइल मेलवर येते.

आरसा_बिलोरी

घरच्या स्कॅनरने मोजलं तर? तसले प्रोग्रॅम आहेत म्हणे.

रंगारी

आहेत. स्कॅनरला तीन रंग दिसतात, स्पेक्ट्रोला सगळा वर्णपट. आपल्या डोळ्याला वेगळ्या दिसणाऱ्या दोन शाया स्कॅनरला सारख्या दिसू शकतात. काहीच नसण्यापेक्षा बरं, पण करड्याची हमी नाही, आणि इथे भांडण करड्याचंच आहे.

जुना_डार्करूमवाला

मोजणीचं पान वाळवताना पंख्याखाली टाकू नका, धूळ बसते. पावसाळ्यात एक दिवस पुरत नाही, दोन द्या.

फोटोवाला_विटेकर

उशिरा लिहितोय, लग्नाची गडबड होती. शाळेचं काम सावलीताईंच्या कर्व्हवर निभावलं. नंतर टार्गेट छापून कुरियर केलं, प्रोफाइल आला. फोटोशॉपमध्ये "फोटोशॉप मॅनेजेस कलर्स", तिथे तो प्रोफाइल, रिलेटिव्ह कलरिमेट्रिक (शाईला न जमणारे रंग जवळच्या रंगावर नेणारी पद्धत), ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन चालू आणि ड्रायव्हरमध्ये नो कलर ॲडजस्टमेंट. पट्टी शेवटपर्यंत करडी आली. केस काळे, पडदा पांढरा.

दोन अडचणी उरल्यात. एक, पासपोर्टच्या सॉफ्टवेअरला प्रोफाइल कळत नाही. दोन, हळदीचे फोटो. ओरिजिनल शाईवर हळद झळकायची, आता रंग बरोबर आहे पण जरा मंद आणि केशरी बाजूला.

रंगारी

पहिली सोपी. फोटोशॉपच्या एडिट मेनूत "कन्व्हर्ट टू प्रोफाइल" आहे, त्यात तुमचा प्रिंटरचा प्रोफाइल निवडून एक ॲक्शन करा. निघालेली फाइल पासपोर्टच्या सॉफ्टवेअरला द्या आणि ड्रायव्हर नो कलर ॲडजस्टमेंटवरच ठेवा. छापताना सॉफ्टवेअर स्वतःहून रंग सुधारत असेल तर ते बंद करा. स्क्रीनवर फाइल विचित्र दिसेल, घाबरू नका. फक्त ती गिऱ्हाईकाला व्हॉट्सॲपवर पाठवू नका. दुसरा मार्ग, क्यूइमेजसारखं छपाईचं सॉफ्टवेअर, ते प्रोफाइल स्वतः लावतं आणि एका पानात पासपोर्टही मांडतं.

दुसरी मला सुटणार नाही. बाटलीतली पिवळी जितकी चमकदार, तितकीच हळद चमकेल. प्रोफाइल त्या शाईच्या आवाक्यातला सर्वांत जवळचा रंग देतो, आवाका वाढवत नाही. रिलेटिव्हऐवजी पर्सेप्च्युअल (सगळेच रंग प्रमाणात आवळणारी पद्धत) लावून बघा, कधी कधी हळदीच्या घड्यांमधला तपशील बरा येतो. झळाळी हवी असेल तर शाई बदलायला लागेल.

बाबू_बिनधास्त

कुठली भरायची ते मी आता बोलत नाही.

मी_फलटणकर

विटेकर दादा, माझाही एल ८०५ आणि बहुतेक तीच शाई. तुमचा प्रोफाइल इथे टाकता का? कुरियरचा खर्च वाचेल.

फोटोवाला_विटेकर

टाकायला हरकत नाही, पण पेपर कुठला? माझा २७० जीएसएम ग्लॉसी आहे, आणि माझ्या बाटल्या सगळ्या एकाच लॉटच्या.

मी_फलटणकर

१८० जीएसएम, मागून साधा कागद असतो तो. लॉट बघितला नाही.

रंगारी

मग नका टाकू. १८० चा तो कास्ट कोटेड (साध्या कागदावर चकचकीत लेप दिलेला) असणार. त्यावर शाई वेगळी मुरते, काळा इतका गडद येत नाही. फलटणकर, आधी २१ पायऱ्यांची पट्टी छापा आणि खिडकीत धरून फोटो इथे चढवा. मोबाइलचा व्हाइट बॅलन्स लॉक करून काढा आणि कोऱ्या कागदाचा तुकडा फ्रेममध्ये येऊ द्या.